बारा पंचे साठ

हल्ली एक नवे शास्त्र शहरांतून निघून खेड्यापाड्यांपर्यंत येऊन पोचले आहे. ते असे की, लहान मुलांकडून पाढे पाठ करून घेणे हा त्यांच्या बुद्धीवर जुलूम होय. मुलाने गणित समजून घ्यावे, घोकू नये. आणि घोकावयाचे तरी कशाला, घरोघर फोन आहे व फोनमध्ये हिशेबाचे यंत्र आहे. हे सांगणारी मंडळी शिकलेली व बहुतेक सद्धेतूची आहेत, हे आम्ही मान्य करतो. परंतु धाराशिव जिल्ह्यातील कुणबी, माळी, धनगर, कुंभार, सुतार, गवंडी, आणि दसरा झाला की कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेस लागणारे आमचे वाचक, यांनी हे शास्त्र आपल्या पोरांस लागू करण्यापूर्वी आमचे चार शब्द ऐकून घ्यावेत, इतकीच विनंती आहे.

प्रथम एक गोष्ट कबूल केली पाहिजे. पाठांतराविषयी तिटकारा आमच्या समाजात जो उत्पन्न झाला तो उगीच झालेला नाही. तो आमच्याच चळवळीने मोठ्या कष्टाने उत्पन्न केला. लग्नात, श्राद्धात, पूजेत ज्या भाषेतले एक अक्षर यजमानास कळत नाही, आणि पुष्कळदा म्हणणारासही कळत नाही, ते घडाघडा म्हणून दक्षिणा उकळावयाची, या विद्येस आमच्या वडीलधाऱ्यांनी पोपटपंची म्हटले व ते योग्यच म्हटले. सत्यशोधकांनी आपली लग्ने भटाशिवाय व आपल्या मराठीत लावली ती याचसाठी. तेव्हा पाठ करणे म्हणजे भिक्षुकशाही, असा समज आमच्यातील शिकलेल्या तरुणांत रुजला असेल तर त्यात नवल नाही.

पण पाढा आणि मंत्र यांत फरक आहे, आणि तो अक्षरशत्रू म्हाताऱ्यासही दाखवून देता येतो. मंत्राचा खरेखोटेपणा तपासण्याचे साधन यजमानाच्या हाती कधी दिले गेले नाही. पाढ्याचे तसे नाही. ज्वारीचे बारा दाणे एका ओळीत मांडा, अशा पाच ओळी करा आणि मोजा. साठ भरले तर पाढा खरा, न भरले तर खोटा. मोजणारा कोणत्या जातीचा, सोवळ्यातला की ओवळ्यातला, याने साठाचे एकसष्ट होत नाहीत. मुलाने एकदा दाणे मांडून खात्री करून घ्यावी व मग ते पाठ करून टाकावे, असा आमचा साधा क्रम आहे. समजून घेणे व पाठ करणे या दोन सख्ख्या बहिणींचे भांडण कोणी व का लावून दिले, ते आम्हांस अद्याप कळलेले नाही.

आता हे पाढे पूर्वी कोणाच्या तोंडी होते ते पाहू. जुन्या पंतोजीच्या शाळेत मुले धूळपाटीवर अक्षरे गिरवीत व तीसपर्यंतचे पाढे तर पाठ करीतच, शिवाय पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी व औटकी ही सारी अपूर्णांकांची उजळणी करीत. औट म्हणजे साडेतीन. एवढा खटाटोप कशासाठी, तर रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, शेराचे ४ पावशेर, मणाचे ४० शेर, खंडीचे २० मण, असा सगळा व्यवहारच पाव-अर्ध्याचा होता. ज्याला पावकी येत नसे त्याला बाजारात उभे राहता येत नसे. संध्याकाळी दिवा लागला की घरी पुन्हा तीच उजळणी होई, तिला परवचा म्हणत.

हा परवचा कोणत्या घरांतून ऐकू येई? कुलकर्ण्याच्या, सावकाराच्या, वाण्याच्या, सोनाराच्या. कुणब्याचे पोर त्या वेळी गुरांमागून घरी येत असे. महार-मांगांच्या पोरास शाळेच्या पायरीवर उभे राहण्याचीही बंदी होती. मुलगी तर बहुधा कोणत्याच जातीची त्या शाळेत नसे. म्हणजे ज्याच्या घरी धान्य पिके त्याला मण-पायलीचा हिशेब येत नव्हता, आणि ज्याच्या घरी नांगर नव्हता त्याला तो झोपेतही येत होता. यातून पुढे काय झाले ते सांगावयास नकोच. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजारच्या दिवशी रयत उठली, सावकारांची खते तिने जाळली, आणि ते लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. सरकारने चौकशी नेमली, १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. खते जळाली हे खरे. परंतु हिशेब करण्याची विद्या सावकाराच्या डोक्यात शाबूत राहिली, आणि रयतेच्या डोक्यात ती आधीही नव्हती व नंतरही आली नाही.

जोतीराव फुल्यांनी हे नेमके ओळखले होते. १८८२ साली हंटर साहेबांच्या शिक्षण कमिशनपुढे त्यांनी जे निवेदन ठेवले, त्यात निदान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा अशी मागणी आहे, आणि त्या शिक्षणात काय असावे याची यादीही आहे. मोडी व बाळबोध वाचणे-लिहिणे, आणि त्याच्या जोडीला हिशेब. इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीचे ज्ञान, नीती व आरोग्य ही मागून येतात. ज्या पुरुषाने पोपटपंचीवर आयुष्यभर कोरडे ओढले त्यानेच शेतकऱ्याच्या मुलासाठी हिशेब मागितला, हे आजच्या नव्या शास्त्रकारांनी ध्यानात ठेवावे. शाहू छत्रपतींनी १९१७ साली आपल्या करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. आमचा जिल्हा तेव्हा निजामाच्या अमलाखाली होता. आमच्या नशिबी ती सक्तीही नव्हती व ती शाळाही नव्हती.

उलट आमच्या नशिबी हिशेब मात्र दुप्पट होता, ही गोष्ट तरुण वाचकांस ठाऊक नसेल. निजामाच्या राज्याचा रुपया निराळा, त्याला हाली म्हणत. इंग्रजी मुलखाचा रुपया निराळा, तो कलदार. सरकारी हिशेबाने ७ हाली म्हणजे ६ कलदार. बार्शीचा मोठा बाजार पडला सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे त्या काळी इंग्रजी हद्दीत. आमच्याकडचा शेतकरी गाडी जुंपून बार्शीस माल घेऊन गेला की पट्टी मिळे कलदारात, आणि गावी सारा व उधारी फेडावयाची हालीत. तीस कलदार मिळाले तर त्याचे पस्तीस हाली झाले पाहिजेत. सहा पंचे तीस, सात पंचे पस्तीस. ज्याला एवढे दोन पाढे येत त्याला पस्तीस मिळत, ज्याला येत नसत त्याला बदलून देणारा देईल ते मिळे. १९४८ साली पोलीस कारवाई होऊन ते राज्य गेले, पुढे ते नाणेही गेले. पण त्या सांध्यात किती घरांचे किती रुपये गळाले, त्याची नोंद कोणत्याही दप्तरात सापडणार नाही.

असो. जुन्या गोष्टी पुष्कळ झाल्या. आजच्या गोष्टीकडे येऊ.

गावात कोणी अडीनडीला पैसे देतो आणि म्हणतो, "शेकडा पाच, जास्त नाही." ऐकणारास पाच हा आकडा लहान वाटतो. पाच रुपये म्हणजे चहाचा कपही येत नाही. पण हे पाच दरमहा आहेत, आणि वर्षाचे महिने बारा आहेत. बारा पंचे साठ. शंभराला वर्षाचे साठ! पन्नास हजार घेतले तर वर्षाला तीस हजार नुसते व्याज, आणि मुद्दल जेथल्या तेथे. ज्या घरात बाराचा पाढा कोणाच्या तरी तोंडी आहे त्या घरात "जास्त नाही" हा शब्द ऐकताक्षणी साठाचा आकडा डोळ्यांपुढे उभा राहतो, आणि माणूस उंबऱ्यावरून मागे फिरतो, निदान बँकेच्या किंवा बचत गटाच्या दाराकडे एकदा जाऊन येतो. २०१४ साली राज्याने सावकारीचा नवा कायदा केला. परवान्यावाचून सावकारी करणे गुन्हा आहे. कायदा उत्तम आहे. पण कायद्याची आठवण होते ती बहुधा सातबारा दुसऱ्याच्या नावावर चढल्यानंतर, आणि पाढ्याची आठवण अंगठा उठविण्यापूर्वी होते.

दुसरे उदाहरण आपल्या सोयाबीनचे. केंद्र सरकारने २०२४-२५ सालासाठी हमीभाव ठरविला ४,८९२ रुपये, आणि त्या हंगामात बाजारात भाव मिळाला त्याहून पुष्कळ कमी, हे आमच्या प्रत्येक वाचकाने अनुभवले आहे. समजा, भाव ४,२०० लागला आणि माल भरला सव्वासात क्विंटल. सात बेचाळिसा दोनशे चौऱ्याण्णव, पाव बेचाळीस साडेदहा. म्हणजे २९,४०० आणि १,०५० मिळून ३०,४५० रुपये. पावकी येणारा माणूस एवढा हिशेब पोते काट्यावरून उतरेपर्यंत करतो. आता समजा, कोणी ओलाव्याचे निमित्त काढून क्विंटलमागे दोन किलो कापले. दोन किलो ऐकावयास काहीच नाही. पण सव्वासात दुणे साडेचौदा, साडेचौदा किलो बेचाळीस रुपयांनी ६०९ रुपये. एका माणसाच्या एका दिवसाच्या मजुरीहून ही रक्कम जास्त आहे. हे ६०९ त्या वेळी, त्या जागी, तोंडाने म्हणून दाखविता आले तर समोरचा दोनाचा एक तरी करतो. घरी येऊन कागदावर काढले तर फक्त झोप उडते.

पेरणीचेही तेच. सोयाबीनचे बी एकरी ३० किलो धरतात. साडेतीन एकरांस किती? ज्याच्या आजोबाने औटकी पाठ केली असेल तो विचारही न करता सांगेल, एकशेपाच. तीन पिशव्या आणि वर पंधरा किलो. चार पिशव्या दुकानदाराने गाडीत टाकल्या तर चौथीतली निम्मी कशासाठी, हे विचारण्याचे त्याला सुचते.

कारागिरांचा व्यवहार तर याहून बिकट. तेरचे गोरोबा काका विठ्ठलाच्या नावात दंग होऊन माती तुडवीत. पण त्यांच्या कुळातल्या आजच्या कुंभारास भट्टीत किती नग लावले, किती तडकले आणि शेकड्यामागे काय पडले, हे मोजावेच लागते. गवंड्याचे पाहा. वाळूचा, खडीचा माल ब्रासवर येतो. ब्रास म्हणजे शंभर घनफूट. ट्रॉली दहा फूट लांब, सहा फूट रुंद, आणि माल भरला दीड फूट. दहा साहे साठ, साठ दिडे नव्वद. म्हणजे ब्रासला दहा घनफूट कमी. आणणारा म्हणतो ब्रासभर आहे, दाम घेतो ब्रासाचा. दिडकी येणारा गवंडी फूटपट्टी ट्रॉलीला लावतो व काही न बोलता नव्वद असे म्हणतो. दिडकी न येणारा गवंडी, "भरलेली दिसते बरी" असे म्हणतो.

आता ऊसतोडीचे. भूम, वाशी, कळंब, परंडा या तालुक्यांतून दरसाल किती बिऱ्हाडे निघून जातात ते आम्ही नव्याने सांगावयास नको. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली व दर टनास सुमारे ३६६ रुपयांवर आला. एका कोयत्याने, म्हणजे नवराबायकोने मिळून, एक लाखाची उचल घेतली असे धरा. ती फेडावयास ऊस किती तोडावा लागेल? जवळजवळ २७३ टन. दोघांनी रोज दोन टन तोडले तर साडेचार महिने, आणि तेही एक दिवस खाडा न करता, आजारी न पडता. हा हिशेब उचल घेण्याच्या दिवशी कोपऱ्यावर बसून करावयाचा असतो. फडात जाऊन नव्हे. आणखी एक. एखाद्याने खेपेमागे एक टन कमी लिहिला आणि हंगामात चाळीस खेपा झाल्या, तर गेले १४,६४० रुपये. हे पैसे कोणी दरोडा घालून नेलेले नाहीत. त्या घरात गुणाकार नव्हता, म्हणून ते गेले.

येथे कोणी म्हणेल, हे सारे फोनवर होते. होते की! आम्ही फोनच्या विरुद्ध नाही. आमचे बरेच वाचक आमच्याहून तो चांगला चालवितात. पण फोनला प्रश्न घालावा लागतो, आणि कोणता प्रश्न घालावयाचा हे ज्याला पाढे येतात त्यालाच सुचते. एक शून्य जास्त पडले तर उत्तर दसपट येते व यंत्र बिनदिक्कत ते दाखविते. ते चूक आहे अशी शंका येण्यासाठी अंदाजे उत्तर मनात आधीच असावे लागते. शिवाय सौदा चालू असताना खिशातून फोन काढणारा शेतकरी व समोर तोंडी हिशेब करणारा व्यापारी, यांच्यात जिंकणार कोण हे सांगण्यास ज्योतिषी नको.

विलायतेतील विद्वानांचा दाखला दिल्यावाचून ज्यांचे समाधान होत नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात विनोद मेनन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या मेंदूची छायाचित्रे घेऊन २०१४ साली असे दाखविले की, मूल बोटे मोजण्याचे सोडून आठवणीतून उत्तर काढू लागते तेव्हा मेंदूतील स्मरणाचा भाग कामाला लागतो. याचा आमच्या भाषेत अर्थ असा. मनाची पाटी फार लहान असते. सात आठे किती हेच मोजण्यात ती भरून गेली तर मूळ उदाहरण काय होते ते पुसले जाते. छप्पन्न आपोआप आले तर पाटी मोकळी राहते, आणि त्या मोकळ्या जागेत विचार करता येतो. खुद्द इंग्लंडात २०२२ पासून सरकारी शाळांतील आठ-नऊ वर्षांच्या मुलांची पाढ्यांची परीक्षा सक्तीची झाली आहे. बारापर्यंतचे पाढे, पंचवीस प्रश्न, आणि प्रत्येकास सहा सेकंद. साहेबाने आपल्या पोरांस पाढे सक्तीचे केले, आणि आमच्याकडे काही जण साहेबाच्याच जुन्या पुस्तकांतून पाढे सोडा म्हणून सांगत आहेत!

आमच्या मनास अधिक लागलेला दाखला मात्र कलकत्ता व दिल्ली येथील बाजारांचा आहे. नोबेल पारितोषिक मिळविलेले अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाजारात विक्री करणाऱ्या १,४३६ मुलांस तपासले, व तो अभ्यास २०२५ साली प्रसिद्ध झाला. ही मुले आठशे ग्राम बटाट्यांचे व एक किलो चारशे ग्राम कांद्यांचे मिळून किती झाले, हे तोंडी अचूक सांगत. पण तेच आकडे शाळेच्या पद्धतीने कागदावर मांडून दिले की पुष्कळांचा हात अडे. शाळेत जाणारी, बाजार न करणारी मुले नेमकी उलटी. कागदावर बरी, बाजारात मुकी. म्हणजे बुद्धी दोघांकडेही आहे, फक्त मधला पूल तुटलेला आहे. आमच्या मते पावकी, सवायकी, दिडकी, औटकी हाच तो पूल होता. बाजाराची भाषा शाळेने पाठ करून घेतलेली होती. १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले, मागून किलो व लिटर आले, सगळे दशमान झाले, आणि आता याची गरज काय म्हणून शाळांनी ती उजळणी हळूहळू टाकून दिली. पण बाजाराची जीभ अजून दशमान झालेली नाही. आठवडी बाजारात आजही सव्वा किलो, दीडशे, अडीच हजार, साडेतीन एकर असेच बोलतात. एक पूर्णांक पंचवीस शतांश किलो वांगी कोणी मागितल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

यातून आज हाती काय लागले ते पाहा. 'असर' नावाची जी देशभरची ग्रामीण पाहणी होते, तिने २०२३ साली चौदा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींस तीन अंकी संख्येस एका अंकाने भागावयास सांगितले. शंभरातील ४३ जणांस ते आले. उरलेल्या ५७ जणांस, ज्यांतील कित्येक दहावी-बारावीच्या वर्गांत बसलेले, तिसरी-चौथीचा भागाकार आला नाही. भागाकार का येत नाही? पाढा येत नाही म्हणून. दुसरे काही कारण शोधण्याची आम्हांस गरज वाटत नाही. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये 'निपुण भारत' काढला. तिसरी होईपर्यंत प्रत्येक मुलास वाचन व अंकज्ञान यावे हा त्याचा हेतू. आमचा जिल्हा तर २०१८ पासून 'आकांक्षित' जिल्ह्यांच्या यादीत आहे. (मागास म्हणावयाची लाज वाटली म्हणून हा नवा शब्द, शब्द गोड आहे.) योजना येतात, तक्ते लागतात, अहवाल जातात. पण पाढा तक्त्यावर असून भागत नाही.

मराठी आकड्यांचा प्रश्न २०१९ साली फार गाजला होता. दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात बालभारतीने एकवीस, बावीस यांच्या जोडीला वीस एक, वीस दोन अशी वाचनाची सोपी रीत सुचविली, आणि त्यावर विधिमंडळापासून चावडीपर्यंत थट्टा झाली. त्या थट्टेत आम्ही सामील होत नाही. गणिताच्या समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांचे म्हणणे असे होते की, सदुसष्ट, त्र्याहत्तर ही जोडाक्षरांची, उलट्या क्रमाची नावे लहान मुलास जड जातात. हे म्हणणे खोटे नव्हते. आमच्या जिल्ह्यातील लमाण तांड्यांवर घरी गोरमाटी बोलतात. पारधी, कैकाडी यांची भाषा निराळी. त्या मुलास पहिल्या दिवशी त्रेपन्न आणि पस्तीस यांतला फरक कसा कळावा? तेव्हा पन्नास तीन ही चढावयाची पायरी म्हणून आम्हांस मान्य आहे. परंतु पायरीवरच बिऱ्हाड करून राहता येत नाही. बाजारात, बँकेत, मुकादमाच्या वहीत त्रेपन्नच आहे. दुसरी-तिसरीत ती नावे व ते पाढे पक्के झाले नाहीत तर नुकसान तांड्यावरच्या पोराचे होईल. थट्टा करणारांच्या पोरांचे होणार नाही.

आणि आम्ही येथे मुख्य मुद्द्यावर येतो. जे लोक शहरात पाठांतराविरुद्ध बोलतात त्यांच्या मुलांस पाढे येतात! शाळेने सोडले तरी घरी आजी आहे, संध्याकाळी शिकवणी आहे, मणी सरकविण्याचे वर्ग आहेत, त्यांस महिना हजारोंनी रुपये भरतात. एका हाताने घोकंपट्टीस नावे ठेवावयाची व दुसऱ्या हाताने आपल्या मुलास पैसे भरून तीच विद्या द्यावयाची, यास काय म्हणावे ते वाचकांनीच ठरवावे. शाळेने पाढा सोडला की तो सर्वांकडून जात नाही. ज्याच्या घरी दुसरी सोय नाही त्याच्याकडूनच तो जातो, आणि ते घर कोणाचे असते हे आम्ही वर सांगितलेच आहे. पंतोजीच्या काळी आम्हांस शाळेबाहेर ठेवून हिशेबापासून दूर ठेवले. आता शाळेत बसवून दूर राहू अशी वेळ आली आहे.

दोष सारा शाळेचा आहे असेही आम्ही म्हणत नाही. पोराच्या जावळाला बोकड पडतो, मांडव घातला जातो, डीजे लावला जातो. त्याच पोरास नवाचा पाढा येतो का, हे बापाने कधी विचारलेले नसते. गुरुजींस जनगणना, निवडणूक, खिचडी, ऑनलाइन माहिती यांतून सवड किती मिळते हे गावाने पाहिले पाहिजे. आणि मारून पाठ करून घेणे आम्हांस बिलकूल मान्य नाही. पंतोजीची छडी, कोंबडा करणे, उन्हात उभे करणे, या प्रकारांनी आमच्या कित्येक पिढ्या शाळेतून पळून गेल्या. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मारास बंदी आहे व ती असलीच पाहिजे. काही मुलांस आकडे खरोखरच बसत नाहीत. त्यांस हिणवू नये, दाणे व चिंचोके घेऊन त्यांच्यापाशी जास्त वेळ बसावे.

आमची सूचना एवढीच की, परवचा आता आमच्या घरांत सुरू व्हावा. त्यास स्तोत्रे नकोत, आसन नको, मुहूर्त नको. भाकरी थापीत असताना आईने म्हणावे, "बेचा म्हण," आणि चुलीपाशी बसलेल्या पोराने म्हणावे. आईस स्वतःस येत नसेल तर तिने पोराबरोबर म्हणावे. बचत गटाच्या व्याजाचा हिशेब करताना तिला तो उपयोगीच पडेल. आधी दोन, पाच व दहा, मग तीन, चार, सहा, आणि सात-आठ-नऊ हे हट्टी तिघे शेवटी. बारा मात्र सोडू नये, कारण वर्षाचे महिने बारा आहेत. दहापर्यंत पक्के झाले की पावकी, निमकी, दिडकी घ्यावी. बाजारात मिळणाऱ्या साध्या अंकलिपीत हे सारे छापलेले असते. पोरीस यातून वगळू नये. उद्या तिच्या नावावर खाते निघेल, सही तिची लागेल. आणि सही करता येणाऱ्या पण व्याज काढता न येणाऱ्या बायकांस हल्ली कर्जे देण्यास किती जण दारात येतात, ते गावोगावी दिसतेच आहे.

ऊसतोडीच्या बिऱ्हाडांस आमचे विशेष सांगणे आहे. पोरांस शक्यतो बरोबर नेऊच नये. शाळेचे हंगामी वसतिगृह गावात चालत असेल तर तेथे, नाहीतर आजीपाशी ठेवावे. नेणे भागच पडले तर निघण्यापूर्वी गुरुजींकडून पाढ्यांचे पान लिहून घ्यावे व ते कोपीच्या कुडास आतून लावावे. रोज गाडी भरून झाल्यावर मुकादमाच्या वहीत किती टन पडले ते पोराने विचारून यावे, त्यास ३६६ ने गुणावे आणि आकडा त्याच पानाच्या पाठीमागे मांडीत जावा. हंगाम संपून हिशेबास बसाल तेव्हा ते पान घेऊन बसा.